कलमभाऊ

सोनाळ्यात कुणी "कलम कुठं मिळेल?" असे विचारले, तर समोरचा आधी खात्री करून घेतो, "संत्र्याचं का कायद्याचं?" संत्र्याचे पाहिजे असेल तर रोपवाटिकेचा रस्ता दाखवतात. कायद्याचे पाहिजे असेल तर बसस्टँडजवळचे सलून. आत शिरल्यावर डाव्या हाताचा बाक, भिंतीकडचे टोक. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. तिथे कलमभाऊ बसलेले असतात. दाढी करायला नव्हे. दाढी ते पंधरवड्यातून एकदा करतात, तीही उधार.

हे एका माणसाचे नाव आहे असे समजू नका. सातपुड्याच्या पायथ्याला टुनकीत एक कलमभाऊ आहेत. वरवट बकालला रस्ते फुटतात म्हणून तिथे दोन. संग्रामपूर तर तालुक्याचे ठिकाण. तिथे किती आहेत ते मोजायला तलाठ्यालाच बसवावे लागेल. पुण्या-मुंबईतही असतात, पण तिथे त्यांना टीव्हीवर बोलावतात आणि समोर पाण्याचा ग्लास ठेवतात. आमचे कलमभाऊ ऐकणाऱ्याला स्वतःकडून चहा पाजतात. तोही उधार.

वय पंचावन्नच्या पुढेमागे. चार एकर शेती. दोन एकरांत संत्रा, दोन एकरांत कपाशी, धुऱ्याला तुरीच्या दोन ओळी. शिक्षण बी.एस्सी. पहिले वर्ष, दोनदा. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. सदऱ्याच्या खिशात मोबाइल. त्याची काच एका कोपऱ्यातून अशी तडकलेली की बातमीचे चित्र कुणाचेही असो, त्याच्या कपाळाला आठी पडलेली दिसते. या मोबाइलवर कलमभाऊ जगातल्या तीनच विषयांच्या बातम्या वाचतात: विज्ञान, कायदा आणि नवी यंत्रे. राजकारणावर ते बोलत नाहीत. "त्यात काय, कोनीबी बोलते," असे त्यांचे म्हणणे.

वाचतात म्हणजे मथळा वाचतात. मथळ्याखाली जे असते ते त्यांना आधीच ठाऊक असते.

त्यांची पद्धत समजून घ्यायची तर संत्र्याचे कलम कसे बांधतात ते पाहिले पाहिजे. जंबेरीचे रोप घ्यायचे, पेन्सिलीएवढे जाड. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची. चांगल्या झाडाच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायचे. डोळा हिरवा राहिला असेल तर जंबेरीचा वरचा शेंडा छाटून टाकायचा. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. कलमभाऊंची बातमी हुबेहूब अशी तयार होते. खुंट नेहमी खरा असतो, इतका खरा की तुम्ही उपटून पाहा. डोळा मात्र कुठून आणलेला असतो ते कुणाला सांगता येत नाही. आणि पट्टी सोडेपर्यंत तीन आठवडे थांबण्याइतका धीर त्यांच्यात नाही. सकाळी बांधलेले कलम साडेनऊला फळ देते.

2025 च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्याला फळच फळ आले.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोके खाजायचे, मग केसांतून हात फिरवला की केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी. म्हातारे, पोरे, बायाबापड्या, कुणालाच सोडले नाही. दोनशेहून जास्त माणसे झाली. टीव्हीवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले. शेगाव आमच्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर. ही बातमी पसरली त्या दिवशी मी सलूनमध्ये गेलो तेव्हा कारागीर खुर्चीच्या हातावर बोटे वाजवत बसला होता.

"मास्तर," तो मला म्हणाला, "लोकाइच्या डोक्यावर केसच नाही रायले तं आपुन काय कापायचं?"

कलमभाऊ उठले. मागच्या गिऱ्हाइकाच्या अंगावरचे कापड खुंटीला लटकलेले होते. त्यावरून त्यांनी तीन केस उचलले, दारात जाऊन उन्हात धरले, एक डोळा मिटला. आम्ही चौघे श्वास रोखून पाहत होतो. केस कुणाचे होते ते सगळ्यांना ठाऊक होते. गावचे पोस्टमन नुकतेच दाढी-कटिंग करून गेले होते आणि त्यांच्या डोक्यावर अजून भरपूर शिल्लक होते.

"मूळ पाय ना," कलमभाऊ म्हणाले. "मूळ पांढरं हाये. म्हंजे आतून गेलं."

पुढच्या दहा दिवसांत त्यांनी या गळतीची कारणे सांगितली ती मी शाळेच्या सवयीने खडूने नव्हे, पण मनात तरी लिहून घेतली. सोमवारी शाम्पू. मंगळवारी बोअरचे पाणी. त्यात नायट्रेट जास्त सापडल्याची बातमी आली होती, म्हणून हा खुंट अगदी पक्का. बुधवारी बुरशी. गुरुवारी मोबाइलचा मनोरा. शुक्रवारी चीन. शनिवारी रात्री उशिरा एक व्हिडिओ आला, त्यामुळे रविवारी विमानातून फवारलेले औषध. सोमवारी ते थकलेले दिसले आणि नुसते "रेशन" एवढेच म्हणाले. रेशनला ते कशातही दोष देतात. गुडघेदुखी, कपाशीचा भाव, मृगाचा पाऊस लांबणे, सगळे रेशनवर जाते. त्यामुळे त्या शब्दाकडे कुणी लक्ष दिले नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक आले, पाण्याचे, मातीचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेऊन गेले. आणि फेब्रुवारीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सांगितले की दोष रेशनच्या गव्हात आहे. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे, आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते चढलेले आहे, असे त्यांचे म्हणणे.

बावस्कर म्हणजे विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून कोकणातली माणसे वाचवणारे डॉक्टर. मूळचे आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. 2022 साली पद्मश्री. सेलेनियम शरीराला लागते, पण इतके थोडे की तराजूत दिसू नये. ते जास्त झाले की पहिली कुऱ्हाड केसांवर आणि नखांवर. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही पट्ट्यांतली मातीच सेलेनियमची, हे शेतीशास्त्राच्या लोकांना आधीपासून माहीत होते. एप्रिलमध्ये त्याच गावांत काहींची नखेही गळू लागली.

हे सगळे कळले त्या सकाळी कलमभाऊ सलूनमध्ये आले ते बाकावर बसलेच नाहीत. उभेच राहिले.

"मी काय सांगतलं होतं?"

"तुमी तं मनोरा सांगतला होता," कारागीर म्हणाला.

"त्याच्या नंतर?"

"चीन."

"त्याच्या नंतर रे?"

कारागिराने वस्तरा पुसला. खरे ते खरे. "रेशन," तो म्हणाला.

त्या दिवसापासून गावात त्यांचा भाव वधारला. सात वेळा गोटी फेकली, सातव्या वेळी गलीत गेली, आणि सहा वेळा कुठे पडली ते कुणी विचारत नाही. मला वाटते, जगात पुष्कळ मोठ्या माणसांची कीर्ती अशीच झाली असावी. पण त्यांची नावे घेण्याची ही जागा नव्हे. कलमभाऊंनी घरी जाऊन रेशनच्या गव्हाचे पोते उंबऱ्याबाहेर काढले आणि आजपासून ज्वारीची भाकर असे फर्मान सोडले. तीन दिवसांनी वहिनी विहिरीवर सांगत होत्या, "मानूस रातच्याले पोळी मागून रायला. म्हने, एका पोळीत काय सेलेनियम असन!"

कायदा हा त्यांचा खरा आवडीचा प्रांत, म्हणून तर नाव पडले. भारतीय दंड संहितेतली तीसेक कलमे त्यांना तोंडपाठ होती. धुऱ्यावर दोन भाऊ भांडले की ते पोलीस येण्याच्या आधीच आकडे लावून मोकळे: 323, 504, 506. मारहाण, शिवीगाळ, धमकी. आमच्याकडे ही तीन कलमे भावकीच्या लग्नातल्या वरण-भात-पोळीसारखी एकत्रच येतात. पोरे वर्गात एकमेकांना चारसोबीस म्हणत. एखादा जास्तच माजला तर "तुझं 302 करीन" म्हणत. सगळ्या गावाचे कायद्याचे ज्ञान या आकड्यांवर उभे होते.

1 जुलै 2024 ला ते सगळे एका रात्रीत कोसळले. भारतीय न्याय संहिता आली. खून 302 वरून 103 वर गेला. फसवणुकीचे 420 होते त्याचे 318, पोटकलम 4 झाले. 323 चे 115, पोटकलम 2. 504 चे 352. त्या सकाळी कलमभाऊ मयताला बसावे तसे बसले होते.

"चारसोबीस म्हटलं तं समोरच्याच्या अंगाले झोंबे," ते म्हणाले. "आता कोनाले 'तू तीनशे अठरा पोटकलम चार हायेस' म्हटलं, तं तो इचारीन, ह्या एसटीचा नंबर हाये काय?"

तरी महिन्याभरात त्यांनी नवे आकडे घोकून काढले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेल्या माणसाला घोकण्याची भीती नसते.

गावचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याचे ते ॲडमिन. ग्रुपचे नाव 'ज्ञानगंगा'. ज्ञानगंगा नावाची खरी नदी आमच्या जिल्ह्यात आहे. तिच्यावर अभयारण्यही आहे. पण नदीला निदान उन्हाळा असतो. ग्रुप बारमाही दुथडी भरून. पूर्वी सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यातून "आक्षेपार्ह मजकूर आल्यास ॲडमिनवर कारवाई" असा इशारा आला की कलमभाऊ ॲडमिनपद सोडायचे, सण आटोपला की परत घ्यायचे. वर्षातून पाच-सहा राजीनामे. एवढे राजीनामे तर मुंबईतही कुणी दिले नसतील.

मग 1 मार्च 2021 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवरचा गुन्हा रद्द करताना, सदस्याने काही टाकले म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, असा निकाल दिला. समान उद्देश असल्याचे किंवा आधी ठरवून केल्याचे दिसले पाहिजे, असेही त्यात होते. पण ते मथळ्यात नव्हते. कलमभाऊंनी मथळ्याची छापील प्रत काढून तिला प्लॅस्टिक चढवले आणि सलूनच्या आरशाच्या कोपऱ्यात खोचली. अजून आहे. दाढी करताना मान वर केली की दिसते: 'ॲडमिन जबाबदार नाही'. गावातल्या बऱ्याच बायकांना वाटते, ते सलूनचे नाव आहे.

चोर बीटीचा किस्सा सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. बाहेरच्यांसाठी एवढेच की साध्या बीटी कपाशीला सरकारने 2002 साली परवानगी दिली. तिच्यात बोंडअळीपुरता बंदोबस्त होता, आणि 2017 ला गुलाबी बोंडअळीने तोही फोल ठरवला. पुढची जात निघाली ती तणनाशक सोसणारी: ग्लायफोसेट मारले की तण जळते, कपाशी उभी राहते, निंदणाची मजुरी वाचते. तिला परवानगी मिळालेली नाही. तरी बियाणे येते. कुठून येते हे कुणी सांगत नाही; पाकिटावर नाव नसते; म्हणून चोर बीटी. 10 जून 2019 ला इथून फार लांब नाही अशा अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणे उघड्यावर, सगळ्यांना बोलावून पेरले. आम्हाला तंत्रज्ञान वापरायचे स्वातंत्र्य पाहिजे, काय करायचे ते करा, असा त्यांचा सत्याग्रह. विज्ञान, कायदा आणि यंत्रतंत्र अशी कलमभाऊंची तिन्ही दैवते त्या एका वावरात एकत्र उभी राहिली होती.

त्या आठवड्यात बाकावर बसायला जागा नव्हती. कलमभाऊ सांगत होते: पर्यावरण संरक्षण कायदा, 1986. पाच वर्षे कैद, एक लाख दंड. "पाच वर्सं" म्हणताना ते पाच बोटे अशी उघडत की ऐकणाऱ्याला त्यांच्या तळहातातच तुरुंगाचे गज दिसत. एका पोट्ट्याने मधेच विचारले, "मंग भाऊ, तुमच्या वावरात तन काहून दिसत नाही?"

कलमभाऊंनी पाच बोटे हळूच मिटली.

"तुह्या काकूचं निंदन चांगलं हाये," ते म्हणाले.

काकू त्या महिन्यात बाळंतपणाला पोरीकडे अमरावतीला गेल्या होत्या, पण हे कुणी बोलले नाही. गावात काही मर्यादा पाळाव्या लागतात.

या किश्श्याचा शेवट पाच वर्षांनी झाला. 2024 च्या दिवाळीत त्यांची पुतणी घरी आली. ती अकोल्यात वकिली शिकते. काका कुणा जावयाला तेच पाच वर्षांचे व्याख्यान देत होते, तेव्हा तिने चकलीचा तुकडा मोडता मोडता सांगितले की जनविश्वास कायदा आला 2023 ला, आणि 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण कायद्यातली ती कैद काढून टाकली. आता नुसता आर्थिक दंड, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. म्हणजे या बाबतीतला कायदा खरोखर बदलला होता, तोही त्यांच्या सगळ्यात आवडत्या कलमात, आणि कलमभाऊंना पत्ता नव्हता. कारण साधे होते. ही बातमी त्यांना कुणी फॉरवर्ड केलीच नव्हती. ती खोटी असती तर एकूण चौदा वेळा आली असती.

दोन दिवस ते गप्प होते. मग मला म्हणाले, "मास्तर, पंधरा लाख लय झाले खरे. पन 'पाच वर्सं' म्हटल्यावर लोकं जसे चूप होत, तसे पंधरा लाखाले होत नाहीत. पंधरा लाखाले हासतात."

आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्याची नाही. 2018 च्या उन्हाळ्यात पोरे पळवणाऱ्या टोळीच्या क्लिपा फिरत होत्या. ज्ञानगंगेतही फिरल्या. पहिली कलमभाऊंनीच टाकली होती, "सावधान" असे लिहून, खाली हात जोडल्याची तीन चित्रे. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे, सोलापूरकडची, पोट घेऊन फिरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक मजकूर पाचांपेक्षा जास्त ठिकाणी एकदम पाठवण्यावर बंधन घातले. सलूनमध्ये कुणी त्यावर बोलले नाही. कलमभाऊ चार दिवस आलेच नाहीत.

पाचव्या दिवशी डमरू वाजवत एक म्हातारा सोनाजी महाराजांच्या मंदिराकडून येत होता. दोन-तीन पोट्टे त्याच्या मागे लागले होते, अजून काही केले नव्हते, नुसते मागे होते. कलमभाऊ घरातून चप्पल न घालता बाहेर आले, म्हाताऱ्याचा हात धरून त्याला आपल्या ओट्यावर बसवले, चहा आणवला. मग मोबाइल काढून ग्रुपवर लिहिले. मी ते अजून ठेवले आहे. "बाबा माझ्या ओट्यावर बसलेले आहेत. ज्याला काही विचारायचे आहे त्याने इथे येऊन मला विचारावे." खाली कुठलेही चित्र नव्हते.

त्या क्लिपेबद्दल ते आजवर कधी बोललेले नाहीत. मीही काढत नाही.

असो. खासगीपणाचा हक्क हा त्यांचा आणखी एक लाडका विषय. 2017 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमुखाने तो मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून ते या हक्काचे गावातले रखवालदार आहेत. आमचा हा भाग खारपाणपट्ट्याच्या कडेचा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने किती घरे पोखरली ते इथल्यांनाच ठाऊक. क्रिएटिनिन हा शब्द आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. एक म्हातारे गृहस्थ रक्ताचा रिपोर्ट घेऊन सलूनमध्ये आले. डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून कागद कलमभाऊंच्या हातात दिला. कलमभाऊंनी चष्मा लावला आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचले, "पाच पॉइंट दोन!" मग लगेच आवाज खाली आणून, म्हाताऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "बाप्पा, हा कागद कोनाले दाखवजा नोका. खासगीपणाचा हक्क हाये तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेले तेही कलमभाऊच. तिकीट दोघांचे त्यांनीच काढले, आणि तेवढे मात्र रोख.

लोणार सरोवराचे पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदी होती आणि सलून बंद, त्यामुळे त्या विषयावरची त्यांची सगळी मते फोनवर ऐकावी लागली. उल्केने पडलेला खड्डा, खारे-अल्कधर्मी पाणी, नागपूर खंडपीठात चालू असलेली याचिका, हे खुंट सगळे बरोबर. डोळे करोनापासून पृथ्वीच्या रागापर्यंत. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की उन्हाने पाणी आटले, खार वाढला, आणि खारात जगणाऱ्या हॅलोअर्किया नावाच्या सूक्ष्म जिवांनी गुलाबी रंग सोडला. पाऊस पडला की रंग जाईल. तसा गेला. कलमभाऊंना या खुलाशात राग कुणाचाच नाही हे पटले नाही.

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ मात्र त्यांच्या नावावर लिहिली पाहिजे. सलूनमधला टीव्ही, खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून, दारात पंधरा-वीस माणसे. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयानातला विक्रम चंद्रावर उतरला. टाळ्या झाल्या, साबणवाला उठून नाचला. कलमभाऊ नाचले नाहीत. ते मोबाइल वर धरून दारात गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, हात आणखी वर केला, पाय उंचावले.

"पावने चार लाख किलोमीटरवरून फोटो आला," ते आत येऊन म्हणाले, "अन् मले वारी हनुमानाच्या फाट्यावर गेल्यावर घरचा फोन लागत नाही."

हसणाऱ्यांत मीही होतो. पण त्या वाक्याला खुंटही खरा होता आणि डोळाही. अंबाबरव्याच्या जंगलाकडे एकदा वळलात की मोबाइल नुसता घड्याळ म्हणून उरतो. त्यांचे असे निम्मे बोलणे मी पुढे शाळेत मुलांना सांगितले आहे, नाव न घेता.

2024 साली व्हॉट्सॲपात ते निळे-जांभळे कडे आले. त्यावर बोट ठेवले की यंत्र बोलते. पहिल्या आठवड्यात कलमभाऊंना वाटले की आपली गादी गेली. आता कुणी बाकापर्यंत येणार नाही. मग त्यांनी त्याच्याशी बोलून पाहिले आणि दोघांचे गोत्र एक निघाले. काहीही विचारा, थांबणे नाही. फळगळ, जमीन मोजणी, गुरू ग्रहाचे चंद्र, नव्या नवरीला माहेरी किती दिवस ठेवावे. सगळ्याला उत्तर तयार, आणि तेही सभ्य भाषेत, मुद्दे पाडून. "मले मालूम नाही" हे एक वाक्य दोघांनाही शिकवलेले नाही. कलमभाऊ खूश झाले. इतक्या वर्षांत बरोबरीचा माणूस भेटला.

भांडण झाले ते एका मंगळवारी. त्यांनी सहज विचारले, "सोनाळा गावाबद्दल माहिती सांग." यंत्राने सोनाळा उचलून भलत्याच जिल्ह्यात नेऊन ठेवले, आणि वर गावाला एक नदीही दिली, जी आम्ही कुणी पाहिलेली नाही. कलमभाऊ लाल झाले.

"सातपुडा खाऊन टाकला यानं!" ते ओरडले. "वान नदी खाल्ली, सोनाजी महाराज खाल्ले! ज्याले गाव मालूम नाही तो चंद्र काय सांगीन?"

कारागीर काही बोलला नाही. नुसते आरशाच्या कोपऱ्यातल्या त्या प्लॅस्टिकच्या कागदाकडे त्याने पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

कलमभाऊंनी एका बोटाने, दात आवळून, दुरुस्ती लिहिली. तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. क्षणभर तीन ठिपके नाचले. मग उत्तर आले: आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. चुकीबद्दल क्षमस्व. आपण दिलेल्या मौल्यवान माहितीबद्दल आभारी आहे.

त्यांनी ते एकदा वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग मोबाइल माझ्या हातात दिला, कारागिराच्या हातात दिला, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या साबणाच्या तोंडापुढे धरला. पंचावन्न वर्षांत त्यांच्याशी वाद घालून कुणी असे कधी म्हटले नव्हते. भावाने नाही, पुतणीने नाही, वहिनींनी तर नाहीच. त्या पानाचा फोटो पाच मिनिटांत ज्ञानगंगेत पडला. खाली अंगठ्यांची रांग लागली.

"इचारा," ते बाकावर मागे टेकून म्हणाले. "कोनाले काय इचारायचं असन ते इचारा. आता ते आपल्या ऐकण्यातलं झालं."

कारागिराने कापड झटकले, खुंटीला अडकवले आणि भिंतीवरची वही काढून पाने उलटली.

"मंग इचारा त्याले भाऊ," तो म्हणाला, "मांगच्या दिवाळीपासून अकरा दाढ्या अन् चोवीस कट चहा लिवलेला हाये. तो कोन देईन?"

कलमभाऊंनी मोबाइल कानाजवळ नेला, थोडा हलवला, काचेच्या तडकलेल्या कोपऱ्यावर फुंकर मारली आणि खिशात घातला.

"रेंज गेली," ते म्हणाले.